चार्जवाल्या हायड्रोजेलवर बॅक्टेरियाचा प्रयोग: आधी मीठ, मग माप, मग कल्चर

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये एक निष्कर्ष सारखा दिसतो: "पॉझिटिव्ह चार्जच्या जेलने ९९ टक्के बॅक्टेरिया मारले". मग विचारलं की जेल (हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून फुगणारी पॉलिमरची जाळी) कुठल्या द्रावणात फुगवलं होतं, तर उत्तर डिस्टिल्ड वॉटर, आणि बॅक्टेरिया कशात होते, तर एलबीमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या खारट पोषक द्रावणात. म्हणजे फुगण्याचं रीडिंग एका जेलचं आणि बॅक्टेरियाचं रीडिंग दुसऱ्याच जेलचं, कारण चार्जवालं जेल मिठाच्या पाण्यात गेलं की ते आधीचं जेल राहतच नाही, आकसतं, कडक होतं, चार्जची घनता बदलते. आणि "मारले" म्हणजे बहुतेक वेळा फक्त चिकटले.

म्हणून हा लेख. क्रम पाळला तर साध्या कॉलेज लॅबमध्ये सुद्धा हा प्रयोग नीट होतो. थिअरी लागेल तेवढीच सांगतो.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा

पहिली. जेलच्या साखळ्यांवर चार्ज बसवलेला असतो, तो हलत नाही. त्याच्या जोडीचे सुटे आयन, म्हणजे सोडियम किंवा क्लोराइड, त्यांना बाहेर पळायचं असतं पण चार्जमुळे पळता येत नाही, त्यामुळे आत आयनांची गर्दी राहते आणि ती पातळ करायला पाणी आत घुसतं. बाहेरच्या पाण्यात मीठ टाकलं की आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि जेल आकसतं. डायपरमधलं सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पाणी धरतं आणि ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात साधारण ५० पटीच्या आसपास येतं, कारण हेच.

दुसरी. चार्जचा परिणाम किती लांबून जाणवतो तेही मिठावर ठरतं. १ मिलीमोलर मिठात हे अंतर सुमारे १० नॅनोमीटर, १५० मिलीमोलरमध्ये जेमतेम ०.८ नॅनोमीटर. बॅक्टेरिया एक-दोन मायक्रोमीटरचा, आणि त्याच्या पृष्ठभागावर साधारणपणे निगेटिव्ह चार्ज. म्हणजे कमी मिठात निगेटिव्ह जेल त्याला लांब ठेवतं, पण पीबीएसमध्ये, म्हणजे १५० मिलीमोलरच्या आसपास मिठाच्या फॉस्फेट बफरमध्ये, तेच जेल त्याला जवळपास दिसतच नाही. तेव्हा "निगेटिव्ह जेलला बॅक्टेरिया चिकटत नाहीत" या वाक्याला मिठाचं प्रमाण लिहिल्याशिवाय काही अर्थ नाही.

टप्पा १: द्रावण आधी ठरवा, केमिकल नंतर मागवा

सगळे उलटं करतात. आधी जेल बनवतात आणि मग बघतात कल्चर कशात करायचं. तुम्ही आधी कागदावर लिहा की बॅक्टेरिया जेलवर असताना द्रावण नेमकं काय असेल. तेच तुमचं टेस्ट द्रावण. फुगण्याचं माप त्यात, चकत्या कापायच्या त्यात भिजल्यावर, बॅक्टेरिया धुवायचे त्यातच.

सुरुवातीला मी तीन द्रावणं सुचवेन: १, १० आणि १५० मिलीमोलर सोडियम क्लोराइड, तिन्हीत पीएच स्थिर ठेवायला थोडं हेपेस बफर, पीएच ७.४. पीबीएस चालेल पण त्यात फॉस्फेट आहे आणि पॉझिटिव्ह जेल क्लोराइड सोडून फॉस्फेट धरायला लागतं, मग तुलना गढूळ होते. चिकटण्याच्या टेस्टसाठी एलबी नको. त्यातले प्रथिनांचे तुकडे जेलवर थर देतात, आणि शिवाय एलबी म्हणजे कोणतं? मिलरमध्ये लिटरला १० ग्रॅम मीठ, लेनॉक्समध्ये ५. डब्यावर काय लिहिलंय ते वहीत उतरवा.

ताकीद: नळाचं किंवा बोअरचं पाणी कुठेही नको, धुवायला सुद्धा नाही. त्यातलं कॅल्शियम निगेटिव्ह जेलमध्ये, विशेषतः कार्बॉक्सिल गटाच्या जेलमध्ये, जाऊन बसतं आणि साखळ्या एकमेकींना बांधतं. एकदा आकसलेलं जेल मग डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात टाकून परत पहिल्यासारखं होत नाही.

टप्पा २: तीन जेल, एकच साचा

एकटं चार्जवालं जेल बनवून काही कळत नाही. न्यूट्रल, निगेटिव्ह, पॉझिटिव्ह, तिन्ही लागतात, आणि चार्ज सोडून बाकी शक्य तितकं सारखं.

मोनोमर, म्हणजे साखळीचे सुटे घटक, निवडताना लोक अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड घेतात कारण स्वस्त. पण तो कमजोर आम्ल गट आहे, पीएच जरा खाली आला की चार्ज जातो, आणि बॅक्टेरिया स्वतः पीएच बदलतात. पॉझिटिव्हसाठी मेटॅक (METAC, क्वाटर्नरी म्हणजे कायम पॉझिटिव्ह नायट्रोजन असलेला मोनोमर) घेतात, त्यात एस्टर बंध आहे, अल्कलाइन पाण्यात किंवा ऑटोक्लेव्हमध्ये तो तुटतो आणि चार्जवाला भाग निघून जातो. म्हणून माझी पसंती निगेटिव्हला अ‍ॅम्प्स (AMPS, सल्फोनिक आम्लाचा मोनोमर) आणि पॉझिटिव्हला एपीटॅक (APTAC, मेटॅकसारखाच क्वाटर्नरी चार्ज). दोन्हीत अमाइड बंध, दोन्हीचा चार्ज पीएचवर अवलंबून नाही, आणि रेणूभार पण जवळजवळ सारखा, २०७ च्या आसपास.

१० मिली द्रावणासाठी माप:

न्यूट्रल: अ‍ॅक्रिलामाइड १.० ग्रॅम.
निगेटिव्ह: अ‍ॅक्रिलामाइड ०.९० ग्रॅम, अ‍ॅम्प्स २९२ मिलिग्रॅम, आणि ते न्यूट्रल करायला १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १.४ मिली.
पॉझिटिव्ह: अ‍ॅक्रिलामाइड ०.९० ग्रॅम, एपीटॅकचं ७५ टक्के द्रावण ३८८ मिलिग्रॅम.
तिन्हीत बिस-अ‍ॅक्रिलामाइडचं २ टक्के स्टॉक १.१ मिली, बाकी डीआय पाणी.

यात दर शंभर मोनोमरला दहा चार्जवाले आणि साधारण एक क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारा बिस) येतो. एपीटॅकची बाटली पाण्यातल्या द्रावणाची असते, पावडर समजून २९२ मिलिग्रॅम वजन करणारे भेटतात, मग पॉझिटिव्ह जेलमध्ये चार्ज पाऊणच पडतो आणि पुढे सगळं गणित वाकडं. लेबलवरचा टक्का बघा.

अ‍ॅम्प्सचं न्यूट्रलायझेशन गाळू नका. ते जोरदार आम्ल आहे, टेमेडला (पॉलिमरायझेशनला वेग देणारं रसायन) प्रोटॉन देऊन गप्प करतं आणि जेल सेटच होत नाही. मग लोक एपीएस (अमोनियम परसल्फेट, पॉलिमरायझेशन सुरू करणारं) दुप्पट टाकतात. पीएच पट्टी बुडवून ७ च्या जवळ आहे ना एवढंच बघायचं होतं.

मग द्रावण व्हॅक्युम डेसिकेटरमध्ये १५-२० मिनिटं ठेवून हवा काढा, कारण ऑक्सिजन पॉलिमरायझेशन अडवतो. ताजं १० टक्के एपीएस ७० मायक्रोलिटर, टेमेड १० मायक्रोलिटर, हलकं फिरवून लगेच ओता. साचा म्हणून एसडीएस-पेजच्या (प्रथिनं वेगळी करायच्या जेलच्या) १ मिमी स्पेसरच्या काचा उत्तम, बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पडलेल्या असतातच. काचांमधल्या स्पेसरमुळे जाडी सारखी येते आणि वरून झाकलेलं असल्यामुळे हवा लागत नाही. पेट्री प्लेटमध्ये उघडं ओतलं की वरचा थर अर्धवट पातळ राहतो, आणि बॅक्टेरिया नेमके त्याच थरावर बसणार. अर्ध्या तासात सेट झालेलं दिसलं तरी काही तास तसंच राहू द्या.

ताकीद: अ‍ॅक्रिलामाइड न्यूरोटॉक्सिक आहे, कातडीतून जातं, आणि त्याला संभाव्य कर्करोगकारक मानलं जातं. पावडर तोलताना मास्क, ग्लोव्हज, फ्यूम हूड. सेट झालेल्या जेलमध्ये पण न जुळलेला मोनोमर असतो, धुवेपर्यंत उघड्या हाताने धरू नका.

टप्पा ३: धुणं, आणि ते मिठाच्या पाण्यात

इथे सगळ्यात जास्त जेल मरतात. सेट झालं की थेट डीआय पाण्यात टाकायचं आणि सकाळी येऊन बघायचं तर तुकडे. बाहेरचा थर झपाट्याने फुगतो, आतला अजून तसाच, कमी भिजलेल्या साबुदाण्यासारखं बाहेर मऊ आणि आत कडक, आणि ताणाने पृष्ठभाग तडकतो. तडे डोळ्यांना न दिसणारे असले तर अजून वाईट, कारण जेलची जाळी काही नॅनोमीटरची, त्यातून बॅक्टेरिया आत जाऊ शकत नाही, पण तड्यात आरामात बसतो. मग मायक्रोस्कोपखाली "बॅक्टेरिया जेलमध्ये शिरले" असा शोध लागतो.

करायचं असं: पहिलं धुणं १५० मिलीमोलर मिठात. जेलच्या किमान शंभर पट पाणी, २४ तासात तीन-चार वेळा बदला. मग टेस्ट द्रावण १० मिलीमोलरचं असेल तर त्यात, आणि १ चं असेल तर १० मधून १ मध्ये, पायरीपायरीने. न्यूट्रल जेलला पण हाच सगळा प्रवास द्या, "त्याला काय फरक पडतो" म्हणून ते डीआयमध्ये ठेवू नका.

आठवडे-महिने साठवून पण ठेवू नका. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे अमाइड गट अल्कलाइन पाण्यात हळूहळू कार्बॉक्सिल होतात, म्हणजे तुमचं न्यूट्रल कंट्रोल बसल्या जागी निगेटिव्ह होत जातं. टेमेड अल्कलाइन आहे, तो नीट धुवून निघाला नाही तर हे होणारच. मागच्या बॅचचं उरलेलं न्यूट्रल या बॅचच्या कंट्रोलला वापरणं म्हणूनच चुकीचं.

तपासणी: चार्ज खरंच बसला का ते रंगाने बघा. तिन्ही जेलचे छोटे तुकडे अगदी पातळ मेथिलीन ब्लूमध्ये, आणि दुसरे तुकडे पातळ इओसिनमध्ये. तासाभराने धुवा. निगेटिव्ह जेलने निळा धरला पाहिजे, पॉझिटिव्हने गुलाबी, न्यूट्रलने दोन्ही जवळपास सोडून दिले पाहिजेत. न्यूट्रल निळं दिसलं तर थांबा आणि नवीन बॅच करा. हे तुकडे मग फेकून द्यायचे.

टप्पा ४: फुगण्याचं माप

सूत्र सोपं आहे, ओलं वजन भागिले कोरडं वजन. घोळ दोन्ही वजनांत होतो.

ओलं वजन घेताना पृष्ठभागावरचं पाणी टिपायचं असतं, जेल पिळायचं नसतं. टिश्यूत गुंडाळून दाबलं की मऊ जेलमधलं आतलं पाणी पण निघतं आणि जितकं जास्त फुगलेलं जेल तितकी चूक मोठी, म्हणजे चूक नेमकी चार्जवाल्या जेलच्या बाजूने झुकते. फिल्टर पेपरची कड लावून थेंब ओढून घ्या, तिन्ही जेलना सारखाच वेळ.

खरं सांगायचं तर मला व्यासाची पद्धत जास्त भरवशाची वाटते. गोल चकती पाण्यातच ठेवून खाली ग्राफ पेपर, वरून मोबाईलने सरळ फोटो, फोटोवरून माप काढायच्या इमेजजे सॉफ्टवेअरमध्ये व्यास. सगळीकडून सारखं फुगत असेल तर आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं, व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट. व्यास दुप्पट झाला म्हणून "जेल दुप्पट फुगलं" असं लिहिणारे दर वर्षी असतात.

कोरड्या वजनाची चूक जास्त छुपी आहे. पीबीएसमधलं किंवा मिठातलं जेल तसंच ओव्हनमध्ये ठेवलं तर पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पीबीएसमध्ये लिटरला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास घन पदार्थ असतात, म्हणजे २ ग्रॅम पाणी धरलेल्या तुकड्यात जवळपास १९ मिलिग्रॅम मीठ. खरं पॉलिमर ६० मिलिग्रॅम असेल तर तुमचं कोरडं वजन एक तृतीयांशाने फुगलेलं. म्हणून कोरड्या वजनासाठी वेगळा तुकडा राखून ठेवा, कास्ट करतानाच सारख्या मापाचा, तो पायरीपायरीने डीआयपर्यंत न्या, तडकला तरी हरकत नाही, पण सगळे तुकडे गोळा करून ५०-६० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. चार्जवालं कोरडं जेल हवेतलं बाष्प ओढतं, आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे वजन काट्यावर डोळ्यांदेखत चढतं. डेसिकेटरमधून काढून लगेच रीडिंग.

वेळेचं काय? फुगायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. १ मिमीचं जेल जेवढ्या वेळात तयार होतं त्याच्या चौपट २ मिमीला. त्यामुळे गाईडने सांगितलेले "२४ तास" हे त्यांच्या जाडीचे २४ तास आहेत. तुमचं तुम्ही ठरवा: २४ आणि ४८ तासांच्या मापात दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तरच समतोल आला म्हणा.

तपासणी: न्यूट्रल जेल तिन्ही मिठात जवळपास सारखं मोजलं गेलं पाहिजे. चार्जवाली दोन्ही जेल मीठ वाढेल तसं कमी होत गेली पाहिजेत. न्यूट्रल पण मिठाने बदलतंय असं दिसलं तर वर टप्पा ३ मधला रंग परत करून बघा.

टप्पा ५: जेल जुळवणे, हा टप्पा कोणी करत नाही

आता तुमच्याकडे तीन जेल आहेत पण १० मिलीमोलरमध्ये चार्जवाली दोन्ही न्यूट्रलपेक्षा जास्त फुगलेली, म्हणजेच मऊ. पृष्ठभाग किती कडक आहे यानेही बॅक्टेरियाचं चिकटणं बदलतं. मग फरक दिसला तर तो चार्जचा का मऊपणाचा? या आकड्यांवरून सांगता येणार नाही, आणि व्हायवाला हाच प्रश्न येतो.

उपाय कंटाळवाणा आहे पण आहे. चार्जवाल्या जेलमध्ये बिसचं प्रमाण वाढवून दोन-तीन बॅच करा आणि टेस्ट द्रावणात जिचं फुगणं न्यूट्रलच्या दहा टक्क्यांच्या आत येईल ती बॅच बॅक्टेरियासाठी घ्या. रिओमीटर मिळाला तर कडकपणा मोजून घ्याच. फार फुगणारी जेल पूर्ण जुळवता येत नाहीत, तेव्हा निदान १५० मिलीमोलरमध्ये जुळवा, तिथे फरक मुळातच कमी असतो.

टप्पा ६: आता कापा

फुगण्याच्या मापासाठी चकत्या आधी कापून चालतात. बॅक्टेरियासाठी नाही! आधी कापल्या तर फुगून प्रत्येक जेलची चकती वेगळ्या आकाराची होते आणि तुम्ही "दर चकतीला इतके" म्हणून मोजता. शीट टेस्ट द्रावणात समतोलाला आली की मग ८ मिमीच्या पंचने किंवा कॉर्क बोररने कापा. क्षेत्रफळ सारखं, वेलमध्ये (कल्चर प्लेटच्या खळग्यात) बसणारं.

वेलमध्ये चकती घट्ट बसवून वरून पातळ द्रावण ओतायचं नाही, जागा नसली की ती कमान घेते आणि बॅक्टेरिया खालून जातात. काचेला चिकटवलेलं जेल वापरत असाल तर ते फक्त जाडीत फुगू शकतं, आणि जास्त चार्ज असेल तर पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. सुरकुतीच्या घडीत बॅक्टेरिया साचतात आणि त्याचा चार्जशी काही संबंध नसतो. कल्चर घालण्याआधी प्रत्येक चकती मायक्रोस्कोपखाली एकदा बघा, तडा किंवा सुरकुती दिसली तर बाद.

निर्जंतुक करण्याबद्दल थोडं. ७० टक्के अल्कोहोलमध्ये चार्जवालं जेल आकसून बसतं आणि परत फुगताना तडकू शकतं. सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग म्हणजे मोनोमर द्रावण ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळायचं, काचा अल्कोहोलने पुसायच्या, आणि धुण्याची सगळी द्रावणं ऑटोक्लेव्ह केलेली घ्यायची.

टप्पा ७: बॅक्टेरिया तयार करणे

ई. कोलाय के-१२ घराण्यातला निरुपद्रवी स्ट्रेन घ्या, जीएफपीवाला (हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारा) मिळाला तर सोन्याहून पिवळं. पुण्यात एनसीएलच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहांमधून कल्चर रीतसर मिळतात. गटाराचं पाणी, हॉस्पिटलमधून आणलेलं सॅम्पल, मित्राच्या लॅबमधलं "बहुतेक स्टॅफ असेल" हे सगळं बंद.

एक कॉलनी, रात्रभर एलबीत ३७ अंशाला, सकाळी १:१०० पातळ करून ओडी (द्रावणाचा गढूळपणा) ०.४ ते ०.६ पर्यंत वाढवा. हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज, टेस्ट द्रावणात दोनदा धुवा, शेवटी ओडी ०.१. ई. कोलायसाठी ओडी १ म्हणजे मिलीला साधारण ८ गुणिले १० चा आठवा घात इतक्या पेशी, पण हे मशीनवर अवलंबून असतं, प्लेटवर मोजून स्वतःचा आकडा काढा.

१ मिलीमोलर मिठात पेशींना ऑस्मोटिक ताण येतो, तिथे सुक्रोज घालून ताण सांभाळा. साखरेला चार्ज नाही त्यामुळे जेलला मीठ वाढल्यासारखं वाटत नाही. मात्र जेलला पण तेच सुक्रोजवालं द्रावण आधीपासून द्या, नाहीतर पुन्हा मूळ पदावर.

मीडियात वाढवून बायोफिल्म (पृष्ठभागावर वाढलेला बॅक्टेरियाचा थर) बघायची असेल तर अजून एक गोची. ८ मिमी व्यासाच्या, १ मिमी जाड चकतीत, कास्ट केलेल्या मापाने, सुमारे ७ मायक्रोमोल चार्ज असतो, आणि २ मिली एम९ मध्ये (ठराविक क्षारांचा साधा मीडिया) मॅग्नेशियम जेमतेम ४ मायक्रोमोल. निगेटिव्ह जेल त्यातलं बरंच खेचू शकतं, बॅक्टेरिया उपाशी राहतात, वाढ मंदावते आणि रिपोर्टमध्ये येतं "निगेटिव्ह जेल अँटिबॅक्टेरियल". त्याच मीडियाने जेलला आधी दोन-तीनदा बदलून बदलून भिजवलं की हा प्रश्न सुटतो.

टप्पा ८: चिकटवणे आणि धुणे

प्रत्येक वेलमध्ये सारखंच द्रावण, सारखीच उंची, कारण पेशी वजनाने खाली बसतात आणि उंच स्तंभातून जास्त बसतात. एक तास, रूम टेंपरेचर, हलवायचं नाही. सोबत काच, न्यूट्रल जेल, आणि बॅक्टेरियाशिवाय जेल अशी कंट्रोल.

मग धुणं. चिमट्याने चकती उचलून दुसऱ्या बीकरमध्ये बुडवणं ही इथली मोठी चूक. हवा-पाण्याची सीमा पृष्ठभागावरून सरकली की ती पेशी खरवडून नेते, आणि कमी चिकटणाऱ्या जेलवरून जास्त नेते, म्हणजे फरक खोटाच मोठा दिसतो. चकती पाण्याखालीच ठेवा. अर्धं द्रावण हळू काढा, तितकंच ताजं घाला, आठ वेळा. दर वेळी निम्मं, म्हणजे शेवटी सुट्या पेशी २५६ पट पातळ. काढलेलं सगळं द्रावण टाकू नका, मोजायचंय.

टप्पा ९: मोजणे, आणि चुकीचे रंग टाळणे

क्रिस्टल व्हायोलेट विसरा. प्लास्टिकवर ठीक आहे, पण तो पॉझिटिव्ह रंग आहे आणि निगेटिव्ह जेल स्वतःच जांभळं होतं, बॅक्टेरिया असो वा नसो. न्यूट्रल जेलमध्ये पण तो आत मुरतो. प्रॉपिडियम आयोडाइडवर दोन पॉझिटिव्ह चार्ज, निगेटिव्ह जेलमध्ये तो पण साठतो आणि सगळी पार्श्वभूमी लाल. वापरायचाच तर बॅक्टेरिया नसलेल्या जेलचं रीडिंग शेजारी हवंच.

जीएफपी किंवा फेज कॉन्ट्रास्ट चांगलं, जेल पारदर्शक असतं त्याचा फायदा घ्या. प्रत्येक चकतीवर किमान दहा जागा, आधीच ठरवलेल्या, "जिथे छान दिसतंय तिथे" नाही.

प्लेट काउंट करायचा असेल तर पेशी जेलवरून सुट्या कराव्या लागतात, आणि पॉझिटिव्ह जेल त्यांना सोडत नाही. व्होर्टेक्स केलं, प्लेट केलं, कॉलनी कमी आल्या, म्हणून मेले असं नाही, त्या अजून जेलवर जिवंत बसलेल्या असू शकतात. व्होर्टेक्सनंतर चकती परत मायक्रोस्कोपखाली धराच. काढण्याच्या द्रावणात लेसिथिन आणि ट्वीन ८० घाला, किंवा तयार डे-एंगली ब्रॉथ घ्या, म्हणजे सुटून आलेला क्वाटर्नरी पॉलिमर प्लेटवर जाऊन मारत बसणार नाही.

तपासणी: हिशोब जुळवा. घातलेल्या पेशी एका बाजूला, आणि वरचं द्रावण अधिक धुतलेलं पाणी अधिक व्होर्टेक्सने निघालेल्या अधिक जेलवर उरलेल्या, या दुसऱ्या बाजूला. खूप तूट असेल आणि जेलवर पण पेशी दिसत नसतील तेव्हाच मृत्यूचा विषय काढा.

टप्पा १०: "मारतं" म्हणण्याआधीच्या दोन टेस्ट

एक, गळती. नुसतं जेल टेस्ट द्रावणात रात्रभर ठेवा, द्रावण गाळा, त्यात बॅक्टेरिया ठेवून प्लेट करा. मेले तर मारणारा चार्ज नाही, उरलेला मोनोमर किंवा सुटी साखळी आहे. अगार प्लेटवर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसलं की लोक खूश होतात, पण वर्तुळ म्हणजे काहीतरी बाहेर झिरपतंय याचाच पुरावा. साखळीला बांधलेला चार्ज फिरायला जात नाही.

दोन, नंतरचं जेल. प्रयोग संपल्यावर चकतीचा व्यास आणि द्रावणाचा पीएच परत मोजा. ग्लुकोज असेल तर ई. कोलाय अ‍ॅसिटेट सोडतो, पीएच पडतो, आणि कार्बॉक्सिलवालं जेल चार्ज गमावून आकसतं. एलबीत उलट, अमोनिया सुटून पीएच ८ च्या वर जातो, आणि एस्टरवालं पॉझिटिव्ह जेल तुटायला लागतं. म्हणजे बॅक्टेरिया पण जेल बदलतात. दोन दिवसांच्या बायोफिल्ममध्ये सुरुवातीला मोजलेला फुगण्याचा आकडा शेवटी खरा असेलच असं नाही.

टेबलमध्ये काय लिहायचं

प्रत्येक ओळीत: जेलची रचना, टेस्ट द्रावण मिठासकट, त्याच द्रावणातलं फुगणं, पीएच आधी आणि नंतर, दर चौरस मिमी पेशी, चकत्या किती आणि बॅच किती. एकाच शीटच्या सहा चकत्या म्हणजे सहा प्रयोग नाहीत, एक बॅच आहे. किमान तीन वेगळ्या दिवशी कास्ट केलेल्या बॅच हव्यात.

आवरताना

बॅक्टेरिया लागलेली जेल बॅगेत घालून १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह, द्रावणं हायपोक्लोराइटमध्ये. जेल सिंकमध्ये टाकू नका, चार्जवाला चुरा नळाच्या पाण्यात फुगून पाइप तुंबवतो. टेबलावर किंवा फरशीवर सांडला असेल तर पाणी मारू नका, वरून जाडं मीठ टाका, पाच-दहा मिनिटांत पाणी सोडून गोळा होतो आणि पत्र्याने उचलता येतो.